लागणीची तारीख

कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातला माणूस स्वतःच्या लग्नाची तारीख चुकेल, पण ऊस कधी लावला ते चुकायचा नाही. जुलै-ऑगस्टात लावला तो आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पूर्वहंगामी, थंडीत लावला तो सुरू आणि तुटून गेल्यावर त्याच बुडख्यातून फुटला तो खोडवा. दिवाळीच्या मागंपुढं कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते. मग ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी तुटायचा, असा साधा न्याय. उसाची जात आणि पक्वता बघून थोडा फेरफार होतो, पण पाया तारखेचाच.

हा न्याय चुकला तर काय होतं ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. ऊस वेळेत तुटला नाही की तुरा येतो, कांड्यात दशी पडते, वजन घटतं. रान अडकून राहतं, त्यात गहू-हरभरा करायचा राहतो. उशिरा तुटलेल्याचा खोडवा ऐन उन्हाळ्यात फुटतो आणि पाण्यावाचून करपतो. इकडं सोसायटीचं व्याज चढतच असतं. म्हणजे पंधरा-वीस दिवसांचा फरक, पण त्यात एखाद्या घराचं वर्ष निघतं किंवा बुडतं.

आणि हा सगळा जीव ज्या तारखेत, ती तारीख लिहिलेली असायची शेतकी खात्याच्या नोंदवहीत. वही कारखान्याची. कारखाना सहकारी, म्हणजे कायद्यानं सभासदाचाच. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो पहिला सहकारी कारखाना चालू केला, त्याची कल्पनाच ती होती, की ऊस पिकवणारा तोच मालक. पण मालकानं आपल्या वहीत डोकवायचं म्हटलं तर आधी चिटबॉयला चहा पाजायला लागायचा. चिटबॉय म्हणजे गावोगाव फिरून उसाची नोंद घेणारा आणि तोडणीची चिठ्ठी आणून देणारा पोरगा. त्याच्या सायकलच्या मागं माणसं पळायची. "आमचा नंबर कवा हाय रं?" असं विचारलं की तो म्हणायचा, "येईल की, घाई काय?" वहीत काय आहे ते त्याला माहीत आणि शेतकी अधिकाऱ्याला माहीत.

मी ऊस-बिलाच्या खात्यात कारकून म्हणून लागलो तेव्हा बी.कॉम. होतो आणि बोटं शाईनं माखलेली असायची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर शेकडा पंधरा टक्के व्याज. प्रत्यक्षात काय व्हायचं ते जाऊ द्या. पण पंधरवडा बंद झाला की आमच्या खात्यात रात्री जागत. काट्यावरच्या पावत्यांचे गठ्ठे यायचे. भरलेल्या गाडीचं वजन, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा, त्यातून बांधणी वजा. राहिलेल्याला दरानं गुणायचं. मग कपाती: तोडणी-वाहतूक, बिनपरतीची ठेव, कसले कसले निधी आणि सगळ्यांत मोठी म्हणजे सोसायटीची वसुली. गावोगावचे गटसचिव याद्या घेऊन दारात बसलेले. हातानं फिरवायचं फॅसिट यंत्र खडखडत असायचं. एक बेरीज जुळली नाही की सहा माणसं रात्रभर ती हुडकत.

म्हणून कारखान्यानं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं ते बिलासाठी. पाळीपत्रकाचा कुणी विचारसुद्धा केला नव्हता.

त्याचं आगमन एखाद्या नव्या सुनेसारखं झालं. एक खोली रंगवली, तिला काच लावली, थंड हवेचं यंत्र बसवलं. नारळ फोडला. चपला दाराबाहेर काढायच्या, हा नियम तर इतका कडक की अध्यक्षसुद्धा अनवाणी आत यायचे. आम्हां तिघा कारकुनांना शिकायला बसवलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, डॉस आणि डीबेस. माऊस नव्हताच. शिकवायला शहरातून एक तरुण प्रोग्रॅमर आला होता. हुशार, पण त्याला ऊस फक्त रसवंतीत माहीत.

आमचे हेडक्लार्क अण्णा जुने मॅट्रिक. ते कळफलकाला कधी हात लावायचे नाहीत, पण शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. प्रोग्रॅमर म्हणाला, "प्रत्येक सभासदासाठी आपण अकरा फील्ड ठेवू." अण्णा दचकले. "आवो, एकेकाला अकरा रानं? हितं धा गुंठं न्हाई कुणाला!" मग फील्ड म्हणजे वहीतला रकाना, हे सगळ्यांना कळलं. हसणं झालं. पण मला वाटतं, आम्ही कॉम्प्युटर शिकायला खरी सुरुवात केली ती त्या क्षणापासून. बटणं कुठली दाबायची हे चार दिवसांत येतं. अवघड होतं ते वेगळंच. वहीत जे सैल-सैल, तोंडी, समजुतीनं चाललेलं असतं, त्याला रकान्यात बसवायला लागतं. आणि रकान्यात बसवताना कुणीतरी विचारतं, "हे नक्की कसं ठरतं?" तो प्रश्न त्या खात्यात त्याआधी कुणी विचारला नव्हता.

पहिली अडचण नावांची. आमच्याकडच्या एकाच गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे, एकाच आडनावाचे चार-चार जण निघतात. वहीत चालायचं, तिथं कंसात 'मळ्यातला', 'बारका', 'पैलवान' असं लिहिलेलं असे. यंत्राला पैलवान कळत नव्हता. म्हणून प्रत्येकाला कोड नंबर दिला. गावाचे तीन आकडे, माणसाचे चार. लोकांना हे फार लागलं. एक म्हातारी काउंटरवर आली आणि पोरानं विचारलं, "आज्जी, कोड किती?" ती म्हणाली, "माज्या मालकानं शेर घ्येतला तवा तुजा बा बी जल्मला नव्हता, आन मला नंबर इचारतोस?" मग तिनं कनवटीची पिशवी सोडून शेअरचा जीर्ण दाखला काढला. त्यावर मयत नवऱ्याचं नाव. वारस नोंदच झालेली नव्हती, बिल मात्र वर्षानुवर्षं तिच्या अंगठ्यावर निघत होतं. असे शेकड्यांनी निघाले. ती सगळी कागदं सरळ करण्यात दोन हंगाम गेले. कॉम्प्युटरनं काम वाचवलं असं जे म्हणतात, ते पहिल्या दोन वर्षांत आमच्या खात्यात येऊन बसले नव्हते.

दुसरी अडचण भाषेची. सुरुवातीला पावतीवर नाव इंग्रजीत छापायचं. मालकालाच आपलं नाव वाचता येईना. पोराकडून वाचून घ्यायचा आणि पोरगं 'मोरे'चं 'मोर' करायचं. त्या काळात पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली होती, १९८८ साली. मूळ आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट' तंत्र तिनं पुढं नेलं. यंत्रात एक कार्ड बसवायचं की डॉसच्या त्याच प्रोग्रॅममध्ये देवनागरी अक्षरं उमटायची. आमच्याकडं ते कार्ड आलं, कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत पहिलं मराठी बिल बाहेर टाकू लागला तेव्हा खात्यातली सगळी माणसं उठून उभी राहिली होती. टिंबाटिंबांचं अक्षर, वेलांटी थोडी तुटकी. पण वाचता येत होतं. सुपरकॉम्प्युटरचं नाव पेपरात फार गाजलं; आमच्या भागाला सी-डॅकनं खरं दिलं ते हे कार्ड.

बिलाची गाडी रुळावर आल्यावर अण्णांनीच विषय काढला. यंत्रात प्रत्येक सभासदाचं क्षेत्र आहे, जात आहे, लागणीची तारीख आहे. मग तोडणीचा क्रम लावायला काय हरकत आहे? प्रोग्रॅमर म्हणाला, "एका ओळीची आज्ञा आहे." त्यानं तारखेवर इंडेक्स केला आणि सगळ्या कार्यक्षेत्राचा ऊस तारखेनं ओळीत उभा राहिला. को-७४० असो, कोसी-६७१ असो, रान धरणाखालचं असो की डोंगरकडंचं. अण्णा कितीतरी वेळ पडद्याकडं बघत बसले. म्हणाले, "तीस वर्सं नोकरी झाली. आख्खी पाळी एका जागी आज बगितली."

त्या हंगामात गटवार याद्या छापून प्रत्येक गट ऑफिसच्या भिंतीवर लावल्या. रुंद, भोकाभोकांचा, घड्या पडणारा कागद. लोकांनी तो जत्रेसारखा बघितला. ज्याला वाचता येत होतं तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. आणि मग जे व्हायचं ते झालं. एका गावात यादीच्या वरच्या टोकाला एक नाव होतं, बऱ्यापैकी वजनदार. तारीख जुलैची. गर्दीतला एक जण म्हणाला, "ह्या रानात दसऱ्यापतुर सोयाबीन हुतं. मीच मळणी केलीया. ऊस जुलैत कसा लागला?"

वहीच्या काळात हे वाक्य कुणी बोललंच नसतं, कारण वही कुणी बघितलीच नसती. कॉम्प्युटरला खोटं बोलता येत नाही, असं तेव्हा फार म्हटलं जायचं. येतं की. चिटबॉयनं जी तारीख लिहून आणली तीच आम्ही भरली होती. फरक एवढाच की ते खोटं आता भिंतीवर टांगलेलं होतं, सोयाबीन मळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर.

पुढच्या हंगामाआधी वरून निरोप आला की प्रोग्रॅममध्ये एक रकाना वाढवा, 'खास मंजुरी'. अडचणीतल्या सभासदासाठी. आता हे सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. ऊस जळाला, घरात मयत झाली, पूर आला, रस्त्यासाठी रान घेतलं, अशा वेळी क्रम मोडावाच लागतो. जळीत ऊस तर थांबवताच येत नाही. पण त्या रकान्यातून कोण कोण आत येणार हे खात्यातल्या शिपायालासुद्धा कळत होतं. अण्णांनी नकार दिला नाही. नोकरी होती, पोरं शिकत होती. त्यांनी प्रोग्रॅमरला फक्त एवढंच सांगितलं, "रकाना कर. पण ज्येला खास मंजुरी आसंल त्येच्या नावाफुडं यादीत कायतरी खूण उटली पायजे." प्रोग्रॅमरनं चांदणी ठेवली. एक छोटी चांदणी, कळफलकावर आठाच्या डोक्यावर असते ती.

त्या वर्षी सगळ्या भागात एकच खेळ. "तुमच्या गटात चांदण्या किती?" पोरं मोजायची. जळिताच्या नावापुढची चांदणी लोक सोडून द्यायचे, बाकीच्यांवर पारावर चर्चा. एका संचालकांनी तर स्वतः येऊन आपल्या भावाची चांदणी काढायला लावली, आणि भावाचा ऊस क्रमानं तुटला. एक टिंबाटिंबांचं चिन्ह जे करू शकलं ते वार्षिक सभेतल्या भाषणांना जमलं नव्हतं.

हे फार टिकलं असं समजू नका. दोन हंगामांनंतर याद्या भिंतीवर लावायचं बंद झालं. कारण सांगितलं कागदाचा खर्च. क्रम यंत्रातच राहिला आणि चिटबॉयच्या हातात नुसत्या चिठ्ठ्या यायला लागल्या, वहीच्या काळात यायच्या तशाच. अण्णा त्याच वर्षी निवृत्त झाले. चांदणी प्रोग्रॅममध्ये पुढंही कितीतरी वर्षं होती, छापली जात नव्हती इतकंच.

१९९८ साली शेजारच्या वारणानगरची बातमी आली. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या त्या सहकारी पसाऱ्यात कारखाना होता, दूध होतं, बँक होती. पंतप्रधानांच्या माहिती-तंत्रज्ञान कृती दलानं तिथं 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प घेतला. केंद्र, राज्य आणि वारणा समूह यांचे पैसे, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं तांत्रिक काम, कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं. गावातल्या केंद्रावर बाजारभाव, पिकांचा सल्ला, सरकारी दाखले असं सगळं मिळणार होतं. दिल्ली-मुंबईचे लोक बघायला येत. प्रत्यक्षात शेतकऱ्यानं त्या केंद्राचा उपयोग केला तो मुख्यतः उसासाठी: नोंद झाली का, वजन किती आलं, खत किती मिळणार. पुढं मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथल्याच सात गावांत प्रयोग केला. कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस. कोड नंबर पाठवायचा, उत्तरात वजन यायचं. तेवढ्यावर भागलं, आणि खर्च कितीतरी कमी.

यावर मोठ्या लोकांनी प्रकल्प फसला असं लिहिलं. मला तसं वाटत नाही. माणसानं समोर ठेवलेल्या ताटातलं भुकेपुरतं उचललं. त्याला जगाचे बाजारभाव नको होते. उसाचा दर त्याच्या हातात कुठं होता? त्याला स्वतःच्याच कारखान्यात स्वतःच्याच उसाचं काय झालं ते हवं होतं.

त्याच सुमारास सन २००० चा घोळ आला. बँका, विमानं, वीज यांच्याबद्दल पेपरात रोज यायचं. आमच्याकडं काय होणार, याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे भरायचे, आणि ०० म्हटलं की यंत्र १९०० धरायचं. जुलै ९९ चा आडसाली आणि जानेवारी २००० चा सुरू दोन्ही एकाच हंगामात तुटणार. तारखेवर इंडेक्स केला असता तर जानेवारीतला कोवळा सुरू ऊस शंभर वर्षांचा म्हातारा होऊन सगळ्यांच्या वर बसला असता आणि आडसाली तुरे घेऊन उभा राहिला असता. नोंदी भरताना पहिल्याच आठवड्यात हे एका कारकून पोरीच्या ध्यानात आलं. तिनं चाचणी यादी काढली आणि हातात कागद घेऊन पळत आली, "भाऊ, हे बघा, सगळं उलटं झालंय!" नवा प्रोग्रॅम लिहून घेतला, तारखेत वर्षाचे चार आकडे आले. दिल्लीत त्याला वायटूके म्हणत. आमच्या खात्यात 'म्हातारा सुरू' हे नाव पडलं.

ती पोरगी शेतकऱ्याची, आम्ही डॉस शिकलो तेव्हा प्राथमिक शाळेत असेल. तिच्या मागून एक पिढीच आली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावी, बाजाराच्या गाळ्यांत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर निघाले. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागायचं म्हणून गर्दी. त्याबरोबर टॅली. पतसंस्था, दूध संस्था, खताचं दुकान, सगळीकडं टॅली येणारी पोरं हवी होती, आणि त्यांत पोरी जास्त टिकल्या, कारण पोरं चार महिन्यांत पुण्याला जायची. या वर्गांनी भागाचं भलं केलं, यात मला शंका नाही. फक्त तिथं पत्र कसं लिहायचं, तक्ता कसा करायचा हे शिकवत. हा तक्ता कुणाचा, यात भरलेलं कुणी तपासायचं, हे विचारायला तिथं कुणी अण्णा खुर्ची टाकून बसलेले नव्हते.

आता काट्यावरून गाडी उतरायच्या आत वजनाचा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. काटामारीची तक्रार त्यानं मिटली नाही, कारण मेसेज काट्याचंच सांगतो. पण आकडा हातात आला म्हणून बाहेरच्या काट्यावर गाडी घालून ताडून बघणारे निघाले. साखर आयुक्तालयानं २०२२ मध्ये 'महा-ऊस नोंदणी' नावाचं ॲप आणलं, शेतकऱ्यानं घरी बसून नोंद करावी म्हणून. त्याच वर्षी केंद्रानं देशभरातल्या त्रेसष्ट हजार प्राथमिक सोसायट्या एका सॉफ्टवेअरवर आणायची योजना मंजूर केली, अडीच हजार कोटींच्या वर खर्चाची. आमच्या गावच्या सोसायटीत परवा यंत्रं आली. गटसचिवाला रात्री बसून जुन्या खतावण्या भरताना बघतो. परवा म्हणाला, "भाऊ, एकाच नावाचं पाच सभासद निघाल्यात, त्यातलं दोन मयत." मी म्हटलं, "वारस नोंदीचे अर्ज आधी भरून घे, मग भर."

शेतातली नोंद आता चिटबॉय मोबाईलवर घेतो. रानाच्या चारी कोपऱ्यांवर चालत जायचं, नकाशा उमटतो, फोटो निघतो, क्षेत्र आपोआप येतं. धा गुंठ्यांचे बारा गुंठे होत नाहीत. तारखेचा रकाना मात्र अजून बोटानं भरायचा असतो. गेल्या पूर्वहंगामाला आमच्या शेजारच्या रानात एक पोरगा नोंद घेऊन निघाला होता. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यानं त्याला हाक मारली.

"काय टाकलीस तारीख?"

"टाकली की, आजोबा. बरोबर हाय."

"हिकडं आण. दाव मला."

पोरगा परत आला. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, मोबाईल उन्हाआड धरला आणि एकेक आकडा वाचायला लागला.